कलबुर्गी-बिदरची कडक भाकरी : टिकाऊ अन्नाचा वारसा आणि नावाचे मोल

कर्नाटकाच्या ईशान्य टोकाला असलेल्या बिदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांत ज्वारीची पातळ भाकरी मंद आचेवर पूर्ण कोरडी होईपर्यंत भाजतात, वाळवतात आणि आठवडेच्या आठवडे साठवून ठेवतात. कन्नडमध्ये तिला ‘खडक रोट्टी’ किंवा ‘कटक रोट्टी’ म्हणतात, मराठीत ‘कडक भाकरी’. बिस्किट या शब्दाचा मूळ अर्थ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही भाकरी बिस्किटाच्याच कुळातली असल्याचे सहज पटेल. बेल्जियमसारख्या लहान देशाने बिस्किट आणि चॉकलेट यांच्या बळावर जगभर नाव मिळवले. कलबुर्गी-बिदरच्या भाकरीला मात्र स्वतःच्या नावाने बाजारात उभे राहण्यासाठी एकविसाव्या शतकाची वाट पाहावी लागली. धान्य, कसब आणि नाव या तीन गोष्टी एकत्र आल्यावाचून पदार्थाचा वारसा कारागिराचे पोट भरत नाही, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

सीमेवरचे दोन जिल्हे

बहमनी राज्याची पहिली राजधानी गुलबर्गा म्हणजे आजचे कलबुर्गी. पुढे पंधराव्या शतकात अहमदशहा बहमनीने ती बिदरला हलवली. नंतरच्या काळात हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात गेला आणि सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थानाचे विलीनीकरण होईपर्यंत तेथेच राहिला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. अहमदपूर, उदगीर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यात आले, काही भाग आंध्र प्रदेशात गेला आणि उरलेला जिल्हा म्हैसूर राज्याला, म्हणजे आजच्या कर्नाटकाला मिळाला. औराद, भालकी, बसवकल्याण आणि कलबुर्गीतील आळंद या तालुक्यांत आजही मराठी बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या बोलीत कन्नड, दख्खनी उर्दू आणि मराठी हे शब्द एकाच वाक्यात सुखाने नांदतात. गुलबर्गा हे नाव २०१४ मध्ये अधिकृतपणे ‘कलबुर्गी’ झाले, तर ‘हैदराबाद-कर्नाटक’ हा विभाग २०१९ पासून ‘कल्याण कर्नाटक’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

बिदर शहर ज्या पठारावर वसले आहे ते जांभ्या दगडाचे आहे. चिऱ्यांची घरे पाहत वाढलेल्या गोमंतकीयाला बिदरच्या किल्ल्याची तांबडी तटबंदी परकी वाटणार नाही. मात्र पठार उतरून मांजरा आणि कारंजा नद्यांच्या खोऱ्यांकडे, तसेच दक्षिणेला भीमेच्या काठी कलबुर्गीकडे गेले की जमिनीचा रंग बदलतो. खोल, काळी, ओल धरून ठेवणारी ही जमीन रब्बी ज्वारीचे माहेरघर आहे. कडक भाकरीची कथा या मातीपासून सुरू होते.

शाळू आणि त्याची जमीन

रब्बी ज्वारी, म्हणजे शाळू, पावसाळा सरत असताना सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरला जातो. त्यानंतर त्याला फारसे पाणी मिळत नाही. काळ्या मातीने साठवून ठेवलेली ओल आणि हिवाळ्यातील दव यांच्यावरच पीक वाढते. पौषात हुरडा येतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कापणी होते. कणसे पक्व होताना पाऊस नसल्यामुळे दाणा काळा पडत नाही. पांढरा, टपोरा आणि चवीला गोडसर राहतो. खरिपाच्या ज्वारीची भाकरी आणि शाळूची भाकरी यांतला फरक या भागातले मूलही चवीवरून सांगते.

‘मालदांडी’ हे या पट्ट्यातील सर्वांत नावाजलेले वाण. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून निवडलेले ‘एम ३५-१’ हे वाण १९३० च्या दशकात शेतकऱ्यांपर्यंत पोचले. त्यानंतर कित्येक सुधारित वाणे आली, तरी भाकरीसाठी मालदांडीचा मान टिकून राहिला. सोलापूर जिल्ह्यातीलच मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मंगळवेढा आणि बिदर यांना जोडणारी एक कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. दुष्काळात बादशहाच्या कोठारातील धान्य भुकेल्यांना वाटून टाकणारे दामाजीपंत मंगळवेढ्याचे. त्यांच्या वतीने त्या धान्याचे मोल भरायला विठ्ठल महाराचे रूप घेऊन गेला तो बिदरच्या दरबारात. कथेतील चमत्कार बाजूला ठेवला, तरी या मुलखात सत्ता, धान्य आणि भूक यांचे नाते किती जुने आहे, हे तीतून कळते.

कृती आणि तिच्यामागचे शास्त्र

ज्वारीत ग्लुटेन नसते. गव्हाच्या कणकेला ज्या प्रथिनांच्या जाळ्यामुळे ताण मिळतो, ते जाळे ज्वारीच्या पिठात तयार होत नाही. म्हणून भाकरी लाटण्यापेक्षा थापणे सोयीचे ठरले. पिठात कढत पाणी घातले की त्यातील स्टार्च फुगून चिकट होतो आणि तोच पीठ बांधून ठेवतो. काठवटीत तळहाताच्या टाचेने पीठ जितके मळावे तितकी भाकरी पातळ होते. पीठही ताजे लागते. दळून बरेच दिवस झालेल्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडेने चिरते आणि चव कडवट होते. ज्वारीच्या अंकुरातील स्निग्धांश हवेशी संयोग पावून खवट होतो, हे त्या कडवटपणाचे कारण. म्हणूनच भाकरीच्या घरात दळण आठवड्याला लागेल तेवढेच असते.

रोजच्या मऊ भाकरीला तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूने पाणी लावतात. ते सुकत आले की भाकरी उलटतात आणि मग निखाऱ्यावर फुगवतात. फुगलेल्या भाकरीला दोन पापुद्रे सुटतात आणि आत वाफ कोंडून ती मऊ राहते. कडक भाकरीची रीत येथून वेगळी होते. ती अधिक पातळ थापतात. तव्यावर शेकून झाल्यावर आच कमी करून फडक्याने दाबत दाबत उरलेले पाणी काढून टाकतात, किंवा चुलीच्या ऊबेत उभी करून ठेवतात. काही घरांत त्यानंतर उन्हही देतात. शेवटी भाकरी पापडासारखी वाजते. तिची चळत फडक्यात बांधून टोपलीत किंवा डब्यात ठेवली की महिनाभर सहज टिकते. दमट हवेपासून सांभाळली तर त्याहूनही अधिक.

ती का टिकते, याचे उत्तर सोपे आहे. बुरशीला आणि जिवाणूंना वाढायला पाणी लागते. ते काढून घेतले की अन्न सुरक्षित राहते. कारखान्यात तयार होणाऱ्या चांगल्या बिस्किटातही पाण्याचे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी ठेवलेले असते. कडक भाकरी हेच तत्त्व तव्यावर पाळते. फरक इतकाच की बिस्किटाला खुसखुशीतपणा देण्यासाठी साखर आणि स्निग्ध पदार्थ लागतात, तर भाकरीत पीठ, पाणी आणि कधी चिमूटभर मीठ यांपलीकडे काही नसते. बाजरीची कडक भाकरी करताना तिच्यावर तीळ थापतात. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, अशी भाकरी महाराष्ट्रातही होते.

खाण्याची रीतही ठरलेली आहे. कडक भाकरी नुसती मोडून शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खातात. कलबुर्गीकडे या चटणीला ‘शेंगा हिंडी’ म्हणतात. भरल्या वांग्याचा रस्सा, अंबाडीची भाजी अर्थात ‘पुंडी पल्ले’, तुरीचे वरण किंवा दही यांत कुस्करली की तीच भाकरी मऊ होते. कलबुर्गीची तूर देशभर नावाजलेली असून २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे ज्वारी आणि तूर हे या ताटाचे दोन खांब एकाच मातीत उभे आहेत. तृणधान्य आणि कडधान्य यांतील प्रथिने परस्परांची उणीव भरून काढतात. आहारशास्त्राने हे सांगण्यापूर्वी स्वयंपाकघराने ते ओळखले होते.

शिदोरी, सण आणि दासोह

टिकाऊ अन्नाची गरज प्रवासातून आणि कामातून निर्माण होते. शेतावर दिवसभर राबणारे, बैलगाडीने बाजाराला जाणारे, ऊसतोडीला किंवा बांधकामाच्या कामाला दूर निघणारे, अशा सर्वांच्या शिदोरीत कडक भाकरी असते. उत्तर कर्नाटकातून कामासाठी गोव्यात आलेल्या कुटुंबांच्या गाठोड्यांतून ती मांडवी-झुआरीच्या काठीही पोचली आहे. गावाहून येणाऱ्या माणसाबरोबर भाकरीची चळत आणि चटणीची पुडी धाडणे, ही या कुटुंबांतील ख्यालीखुशाली कळवण्याची जुनी पद्धत आहे.

मार्गशीर्ष अमावास्येला बिदर, कलबुर्गी, लातूर आणि धाराशिव या पट्ट्यात ‘येळवस’ म्हणजे वेळ अमावास्या साजरी होते. गावे ओस पडतात आणि शेते माणसांनी फुलतात. ज्वारीच्या कडब्याची खोप उभारून तिच्यात पूजा मांडली जाते. भज्जी, आंबील, ज्वारी-बाजरीचे उंडे आणि कडक भाकरी असा बेत असतो. शेजारीपाजारी, पाहुणे आणि वाटसरू यांना आग्रहाने जेवू घातले जाते. राज्यांची सीमारेषा या सणाला ठाऊक नाही. उदगीरचा शेतकरी मराठीत आणि भालकीचा शेतकरी मराठी-कन्नडमध्ये एकाच पिकाची पूजा करतो.

बाराव्या शतकात कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण, हे बसवेश्वरांच्या शरण चळवळीचे केंद्र होते. ‘कायक’ म्हणजे श्रम आणि ‘दासोह’ म्हणजे त्या श्रमाचे फळ समाजाला वाटणे, हे या चळवळीचे दोन शब्द आजही तेथील अन्नव्यवहारात जिवंत आहेत. कलबुर्गीचे शरणबसवेश्वर दासोहासाठीच ओळखले जातात. कल्याण कर्नाटकातील कोप्पळच्या गवीमठाच्या जत्रेत आसपासच्या गावांतील स्त्रिया घरोघर भाकऱ्या भाजून लाखोंच्या संख्येने महादासोहासाठी पाठवतात. इतके अन्न आधी तयार करून ठेवता येते ते केवळ भाकरी कडक असल्यामुळे. मऊ भाकरीने एवढी पंगत उठवता आली नसती.

बिस्किट : दुसरी टिकाऊ भाकरी

‘बिस्किट’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘बिस कॉक्टस’ म्हणजे ‘दोनदा भाजलेले’ हा अर्थ आहे. एकदा भाजलेला पाव पुन्हा भट्टीत घालून पूर्ण कोरडा केला की तो महिनोन् महिने टिकत असे. युरोपातील दर्यावर्दी आणि सैन्ये यांचे पोट अशाच पावावर चालत होते. पोर्तुगीज जहाजांवरही तोच असे. गोव्यात पोर्तुगिजांबरोबर भट्टी आली, पोदेर आला, ताडीने आंबवलेला पाव आला. कडक खुसखुशीत ‘कांकण’ आजही पोदेराच्या टोपलीत असते आणि चहात बुडवून खाल्ले जाते. कलबुर्गीच्या कडक भाकरीशी तुलना करण्यासाठी गोमंतकीय वाचकाला यापेक्षा जवळचे उदाहरण मिळणार नाही.

बिदर-कलबुर्गीत भट्टीचे बिस्किट आले ते समुद्रमार्गाने नव्हे, तर हैदराबादेतून. चहाच्या दुकानात मिळणारे गोड-खारट ‘उस्मानिया’ बिस्किट सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावाने ओळखले जाते. संस्थान गेले तरी ती चव या जिल्ह्यांत राहिली. पुढे मुंबईच्या पार्ल्यात १९२९ मध्ये सुरू झालेल्या कारखान्याचे ग्लुकोज बिस्किट स्वस्त पुड्यांतून खेड्यापाड्यांत पोचले आणि शाळेत निघालेल्या मुलाच्या हातात भाकरीच्या तुकड्याऐवजी बिस्किट दिसू लागले. एका टिकाऊ अन्नाची जागा दुसऱ्याने घेतली. पहिले घरच्या कष्टातून येत होते, दुसरे विकत घ्यावे लागत होते. तरीही प्रतिष्ठा मिळाली ती दुसऱ्याला.

दिनाँ आणि बिदर

बेल्जियममध्ये म्यूज नदीच्या काठी दिनाँ नावाचे गाव आहे. मध्ययुगात ते पितळ आणि तांब्याच्या कामासाठी इतके प्रसिद्ध होते की अशा कामाला ‘दिनाँद्री’ हे नावच पडले. १४६६ मध्ये बर्गंडीच्या सैन्याने गावाला वेढा घालून ते उद्ध्वस्त केले. त्या वेढ्यात लोकांकडे केवळ पीठ आणि मध उरले होते, ते एकत्र मळून त्यांनी धातूच्या साच्यांवर दाबून भाजले आणि ‘कूक द दिनाँ’ हे बिस्किट जन्मले, अशी आख्यायिका तेथे सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, बिस्किट आजही तसेच होते. गव्हाचे पीठ आणि मध, बस. पाणी नाही, लोणी नाही, यीस्ट नाही. कोरीव लाकडी साच्यांत दाबून भाजलेले हे बिस्किट इतके कठीण असते की ते चावण्यापेक्षा तुकडा मोडून तोंडात विरघळू देणे शहाणपणाचे.

बिदरही धातुकामाने ओळखले जाते. जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीची नक्षी जडवून, किल्ल्यातील विशिष्ट मातीच्या लेपाने पृष्ठभाग काळाभोर करणारी ‘बिदरी’ कला गावाच्या नावानेच जगभर गेली. २००६ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. एका गावाच्या नावाने धातूची कला आणि त्याच परिसरात मूठभर जिन्नसांचे कडक अन्न, हे साम्य दोन्हीकडे आहे. फरक पुढे पडतो. दिनाँने आपल्या धातूबरोबर बिस्किटालाही गावाचे नाव दिले. बिदरमध्ये नाव मिळाले ते फक्त सुरईला आणि हुक्क्याच्या बुडाला. भाकरी स्त्रियांच्या हातची होती, घरात खपत होती, म्हणून तिला नाव द्यावे असे कोणाला वाटले नाही.

बेल्जियमने नाव कसे कमावले

बेल्जियमच्या बिस्किटांचा वारसा सणांशी बांधलेला आहे. दालचिनी, लवंग, जायफळ अशा मसाल्यांचे ‘स्पेक्युलोस’ बिस्किट ६ डिसेंबरच्या संत निकोलसच्या सणाला लाकडी साच्यांत घडवले जाई. ज्यूल्स देस्त्रोपेर यांनी १८८६ मध्ये ‘लो’ या गावात बिस्किटांचा व्यवसाय सुरू केला. १९३२ मध्ये लेम्बेके येथे यान बून यांनी ‘लोटस’ बेकरी स्थापन केली. तिचे कॅरमेलच्या चवीचे बिस्किट पुढे ‘बिस्कॉफ’ या नावाने जगभर गेले. २०२४ मध्ये या कंपनीने भारतात उत्पादन आणि विक्री करण्यासाठी माँडेलिझ कंपनीशी भागीदारी जाहीर केली. आता गावाकडच्या दुकानातही बेल्जियमच्या कुळाचे बिस्किट मिळू लागले, तर त्यात नवल नाही.

चॉकलेटची कथा अधिक बोलकी आहे. स्वित्झर्लंडहून आलेल्या ज्याँ न्यूहाउस यांनी १८५७ मध्ये ब्रुसेल्समधील राणीच्या नावाच्या आच्छादित बाजारपेठेत औषधांचे दुकान थाटले आणि कडू औषधांवर चॉकलेटचा थर देण्यास सुरुवात केली. १९१२ मध्ये त्यांच्या नातवाने औषधाऐवजी मऊ गोड सारण भरले आणि ‘प्रालीन’ तयार झाले. १९१५ मध्ये त्याच्या पत्नीने ही नाजूक चॉकलेटे चुरडू नयेत म्हणून पुठ्ठ्याची खास पेटी योजली. तिला ‘बालोतॅं’ म्हणतात. पदार्थ, त्याची पद्धत आणि त्याची पेटी या तिन्ही गोष्टी एकाच घरात घडल्या.

येथे एक विरोधाभास आहे. कोकोचे झाड बेल्जियममध्ये उगवतच नाही. त्याला विषुववृत्ताच्या आसपासची उष्ण, दमट हवा लागते. कर्नाटकातही कोको होतो तो किनाऱ्याकडे. दक्षिण कन्नडमधील पुत्तूर येथे ‘कॅम्पको’ या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने १९८६ मध्ये चॉकलेटचा कारखाना उभारला. बेल्जियमचा कोको अँटवर्प बंदरातून येत राहिला. राजा लिओपोल्ड दुसरा याने १८८५ पासून खासगी मालमत्तेसारखा वापरलेला काँगो १९०८ मध्ये बेल्जियमची वसाहत झाला आणि १९६० मध्ये स्वतंत्र झाला. त्या लुटीची छाया बेल्जियमच्या साऱ्या वैभवावर आहे. आज जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. तेथील लहान शेतकऱ्याच्या पदरात चॉकलेटच्या किमतीतील फारच थोडा वाटा पडतो. धान्य एकाचे, नाव दुसऱ्याचे, अशी ही वाटणी आहे.

तरीही नाव जपण्यासाठी बेल्जियमने घेतलेले कष्ट शिकण्याजोगे आहेत. २००० मध्ये युरोपीय संघाने चॉकलेटमध्ये कोको बटरशिवाय इतर वनस्पती स्निग्धांश पाच टक्क्यांपर्यंत वापरण्यास मुभा दिली. त्याच वर्षी बेल्जियमने केवळ कोको बटर वापरणाऱ्या चॉकलेटसाठी ‘अंबाओ’ हे गुणवत्ता चिन्ह पुढे आणले. २००७ मध्ये तेथील उत्पादकांच्या संघटनेने आचारसंहिता आखली. मिश्रण, दळण आणि घोटणे (‘कॉन्चिंग’) ही कामे देशात झाली असतील तरच ‘बेल्जियन चॉकलेट’ म्हणावे, असा तिचा आशय आहे. गेरार्ड्सबर्गन या गावाच्या ‘मातेनटार्ट’ या दुधाच्या मिठाईला तर युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण आहे. तिच्यासाठी लागणारे दूध त्या परिसरातीलच असावे लागते. चॉकलेटला जे जमले नाही ते या छोट्या मिठाईने साधले. तिथे कच्चा माल, कसब आणि नाव एकाच गावाच्या पदरात राहतात. कलबुर्गीच्या भाकरीसाठी अनुकरणीय नमुना असेल, तर तो हाच.

‘कलबुर्गी रोट्टी’

भारतात भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ मध्ये संमत झाला आणि २००३ मध्ये अमलात आला. गोव्याला त्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. काजू फेणीला २००९ मध्ये, तर बेबिंकाला २०२३ मध्ये हे मानांकन मिळाले. जत्रेतील खाजेही त्या यादीत आहे. सणाचा किंवा जत्रेचा पदार्थ कायद्याच्या भाषेत नोंदवला गेला की त्याचे अनुकरण रोखता येते आणि मूळ कारागिराला दावा करता येतो. मात्र मानांकन आपोआप पैसे मिळवून देत नाही. त्यासाठी प्रमाणीकरण, वेष्टन आणि विक्रीची साखळी लागते.

कलबुर्गी जिल्हा प्रशासनाने अलीकडे नेमका हाच धागा पकडला. गावोगावच्या महिला स्वयंसहायता गटांनी भाजलेल्या ज्वारीच्या भाकऱ्या ‘कलबुर्गी रोट्टी’ या एकाच नाममुद्रेखाली आणण्यात आल्या. एका वजनाची, एका जाडीची, स्वच्छ वेष्टनातील भाकरी शहरात पोचू लागली. जून २०२५ मधील ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी या उपक्रमाचा उल्लेख केला. या महिला दिवसाला तीन हजारांहून अधिक भाकऱ्या तयार करतात, बंगळुरूत त्यांचे खास विक्री केंद्र उघडले आहे आणि ऑनलाइन मागणीही येते, असे त्यांनी सांगितले. शेजारच्या सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा गृहउद्योग त्याआधीपासून रुजलेला होता. आता सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे तीच भाकरी दोन नावांनी बाजारात आहे.

या यशातून काही प्रश्न पुढे येतात. पहिला प्रश्न ज्वारीचा. १९७० च्या सुमारास देशात सुमारे १ कोटी ७० लाख हेक्टरांवर ज्वारी होती. आज ती ४० लाख हेक्टरांच्या आसपास उरली आहे. १९६४ मध्ये आलेल्या ‘सीएसएच-१’ या संकरित वाणाने खरिपाचे उत्पादन वाढवले, पण भाकरीची चव त्याला नव्हती. १९७२ च्या दुष्काळात आयात ‘मिलो’ खाल्लेली पिढी तो प्रसंग अजून विसरलेली नाही. शिधावाटपातील स्वस्त गहू-तांदूळ आणि रोकड देणारी तूर व सोयाबीन यांनी शाळूची जमीन व्यापली. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, त्यामुळे ज्वारीला शहरी ताटात मान मिळाला. तो मान शेतकऱ्याच्या भावात उतरला तरच शाळूची पेरणी वाढेल.

दुसरा प्रश्न श्रमाचा. भाकरी थापणे हे मनगट, खांदा आणि कंबर यांची परीक्षा पाहणारे काम आहे. धुराची चूल डोळ्यांना त्रास देते. पीठ मळण्याची आणि भाकरी दाबण्याची यंत्रे आता मिळतात. त्यांमुळे कष्ट कमी होतात आणि आकार एकसारखा येतो, पण हाताने थापलेल्या भाकरीची पातळ, किंचित असमान कड यंत्राला साधत नाही. कोणते काम यंत्राने करायचे आणि कोणते हाताने, हे नियम करणाऱ्यांनी ठरवण्याऐवजी भाजणाऱ्या स्त्रियांनी ठरवले, तर वारसा आणि आरोग्य या दोहोंचा मेळ बसू शकतो.

तिसरा प्रश्न नावाचा. मागणी वाढली की कोठल्याही गावची, कोठल्याही पिठाची भाकरी ‘कलबुर्गी’ म्हणून विकली जाईल, ही भीती निराधार नाही. ज्वारी कोणत्या तालुक्यांची, वाण कोणते, पीठ किती दिवसांचे, भाकरीत पाणी किती आणि भाजणारीला मिळणारा वाटा किती, हे लिहून ठेवण्याची वेळ आताच आहे. बेल्जियमच्या चॉकलेटवाल्यांनी संहिता केली ती नाव मोठे झाल्यावर. कलबुर्गीला ती नाव मोठे होत असतानाच करता येईल. त्या संहितेत भाजणारीच्या मजुरीचे कलम असले, तर ती बेल्जियमच्याही पुढे गेली असे म्हणता येईल.

बिदरच्या सुरईवर चांदीची रेघ ओढणाऱ्या कारागिराला जगाने ओळख दिली. तव्यावर रोज तितकीच बारीक कड साधणाऱ्या स्त्रीला तिच्या भाकरीचे दाम मिळते की नाही, यावर ‘कलबुर्गी रोट्टी’ या नावाचे खरे मोल ठरेल.